रॉकेलचा वास आणि नानांचा प्रश्न

मोझेल नदीकाठच्या एका बागाईतदाराच्या घरी, मी जर्मनीत नवी असताना, माझ्यापुढे पांढऱ्या वाईनचा ग्लास आला. तो नाकाशी नेला आणि मला निफाड तालुक्यातल्या आमच्या घराची पडवी आठवली. पिन मारून पेटवायचा पितळी स्टोव्ह आणि त्याच्या शेजारचा डबा. "रॉकेल!" मी मराठीतच बोलून गेले.

समोरच्या आजोबांनी अर्थ विचारला. मी चाचरत सांगितलं, स्टोव्हमध्ये घालायचं तेल. पाहुणीनं यजमानाच्या वाईनला रॉकेल म्हणावं, याची मला लाज वाटत होती. आजोबांनी मात्र आतल्या खोलीतून बायकोला हाक मारली, "ऐकलंस का, हिनं ओळखलं!" रीसलिंग जातीच्या द्राक्षाची वाईन बाटलीत वर्षानुवर्षं मुरली की तिला असा वास येतो. घडांवर ऊन जास्त पडलं असेल तर अधिकच. ती बाटली 2003 सालची होती. त्या उन्हाळ्यात युरोप होरपळून निघाला होता आणि आजोबांना तोडणी नेहमीपेक्षा कितीतरी आधी करावी लागली होती. मग ते पाऊण तास त्या उन्हाळ्याबद्दल बोलले. आटलेली नदी, पहाटे तोडणीला निघालेले मजूर, शेजाऱ्याची करपलेली बाग. ग्लास संपायला तेवढाच वेळ लागला.

वाईन मी अशी शिकले. पुस्तक नाही, वर्ग नाही. माझ्या नाकाला जे आठवलं ते बरोबर आहे असं एका शेतकऱ्यानं सांगितलं, आणि ते का बरोबर आहे याची गोष्ट सांगितली.

हे आज लिहावंसं वाटतं, कारण वाईनचा विषय आमच्या घराच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अजूनही मधूनमधून पेटतो. जानेवारी 2022 मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं किमान एक हजार चौरस फुटांच्या सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला, तेव्हापासूनचं हे भांडण आहे. सत्तेतल्यांनी सांगितलं, हे द्राक्षशेतकऱ्यांच्या भल्यासाठी, आणि वाईन म्हणजे काही दारू नव्हे. विरोधक म्हणाले, महाराष्ट्राचं मद्यराष्ट्र करायला निघालेत. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला. निर्णय कागदावरच राहिला. आमच्या ग्रुपवर धाकटे काका एका बाजूला आणि पुण्यातली चुलत भावंडं दुसऱ्या बाजूला. मला विचारलं गेलं, "तू तर तिथं राहतेस. तूच सांग, वाईन दारू आहे की नाही?"

मी तेव्हा काहीच लिहिलं नाही. उत्तर मला त्याच वर्षी जूनमध्ये मिळालं, आणि ते माझ्या वडिलांमुळे.

नाना माळकरी आहेत. पंढरीची वारी कधी चुकली नाही, आणि चाळीस वर्षं द्राक्षबाग केली. एप्रिलची खरड छाटणी उरकून ते पहिल्यांदाच ट्रिअरला आमच्याकडे आले. त्यांना काय दाखवावं हा प्रश्नच होता. रोमन काळातलं ते काळं प्रवेशद्वार त्यांनी दहा मिनिटांत पाहून संपवलं. शेवटी मी त्यांना आजोबांच्या बागेत नेलं, थोडी धाकधूक बाळगूनच. गळ्यात तुळशीची माळ, आणि मी त्यांना वाईनवाल्याकडे घेऊन चालले होते.

बाग म्हणजे उभा कडा. शिडी लावल्यासारखा चढ, आणि पायाखाली काळ्या दगडाचे चपटे तुकडे. नानांनी एक उचलला, अंगठ्यानं पुसला आणि म्हणाले, "ही तर पाटी आहे." खरंच होतं. शाळेतल्या पाट्या ज्या दगडाच्या व्हायच्या तोच हा दगड. दिवसभर ऊन पितो आणि रात्री हळूहळू सोडतो, म्हणून या थंड मुलखात द्राक्ष पिकतं. मी एवढं भाषांतर करेपर्यंत नाना वेलीपाशी पोचले होते. त्यांनी पान उलटं करून पाहिलं आणि बोटानं एक डाग दाखवला. आजोबांनी मान हलवली. मला त्या रोगाचं जर्मन नाव माहीत नव्हतं. नाना म्हणाले, "डावणी. याला बोर्डो मारत असतील."

"बोर्डो!" आजोबा उद्गारले. "या, या, बोर्डो!"

त्या दोघांना माझी गरज पडली नाही असा तो पहिला शब्द. मोरचूद आणि चुन्याचं ते निळं पाणी नानांनी आयुष्यभर फवारलं, आणि मीही लहानपणी त्याच्या टिपात काठी फिरवली आहे. हे नाव एका वाईनच्या गावाचं आहे हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आजोबांनी सांगितलं. फ्रान्समधल्या बोर्डो भागातले शेतकरी रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद-चुना शिंपडायचे, जाणाऱ्या-येणाऱ्यानं घड तोडू नयेत म्हणून. बाकी बागा डावणीनं गेल्या आणि रस्त्याकडेच्या वेली हिरव्या राहिल्या. मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं ते हेरलं आणि 1885 मध्ये त्याचं औषध जगापुढे मांडलं. नानांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे आधी चोरासाठी होतं होय!"

मग छाटणीचा विषय निघाला. तुम्ही किती वेळा छाटता? आजोबा म्हणाले, एकदाच, हिवाळ्यात, वेल झोपलेली असताना. नानांना पटेना. आमच्याकडे वेल झोपतच नाही, ते म्हणाले. थंडी तेवढी पडत नाही. म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी करायची, नव्या काडीत सूक्ष्म घड तयार होऊ द्यायचे, आणि ऑक्टोबरात गोडी छाटणी करून फळ धरायचं. वर्षात दोन छाटण्या आणि पीक एकच. आता पटेना आजोबांना. त्यांनी कागद मागवला. दोघांनी त्यावर बारा महिन्यांचं वर्तुळ काढलं, एकानं बाहेरून खुणा केल्या, दुसऱ्यानं आतून. तो कागद माझ्याकडे आहे.

खाली अंगणात बसल्यावर आजोबांनी माझ्यासाठी वाईन आणि नानांसाठी त्याच रीसलिंगचा रस आणला. आग्रह नाही, चेष्टा नाही. नानांनी रसाचा घोट तोंडात घोळवला. "गोड आहे, पण आंबटपणा सोडला नाही. आमच्या थॉमसन द्राक्षाचा रस नुसता गोड लागेल." पांढऱ्या वाईनबद्दल मला जे कळायला दोन वर्षं लागली, ते त्यांना एका घोटात कळलं. थंडीत सावकाश पिकलेल्या द्राक्षात आम्लता टिकते, उष्णतेत ती झपाट्यानं उतरते. नाशिकच्या वाईनचा सगळा झगडा या आम्लतेसाठी आहे. तिथली तोडणी जानेवारीपासून सुरू होते ती रात्री गार असतात म्हणून.

मी त्यांना आजोबांचीच एक आवडती गोष्ट सांगितली. ऱ्हाईनकाठच्या योहानिसबर्गचे मळे फुल्डाच्या बिशपच्या मालकीचे होते. तोडणीची परवानगी आणायला दरवर्षी घोडेस्वार जायचा. 1775 मध्ये तो काही आठवडे उशिरा परतला. उशीर का झाला, हे प्रत्येक सांगणारा वेगळं सांगतो. तोवर द्राक्षांवर बुरशी चढली होती, मणी सुरकुतले होते. मठातल्या लोकांनी टाकून देण्याऐवजी तीच गाळली, आणि तशी वाईन त्यांनी कधी चाखली नव्हती. बुरशीनं सालीला बारीक छिद्रं पाडली, पाणी उडून गेलं, साखर राहिली. 'उशिराची तोडणी' ही आज जर्मन वाईनची कायदेशीर प्रत आहे. नाना म्हणाले, "म्हणजे वेलीवरच बेदाणा झाला."

मग त्यांनी तो प्रश्न विचारला. माझ्या ग्लासाकडे बोट करून म्हणाले, "पण ही दारूच ना?"

मी भाषांतर केलं. आजोबांनी क्षणभरही विचार केला नाही. "हो, दारूच. साडेअकरा टक्के. बाटलीवर लिहिलंय." आणि पुढे म्हणाले, "माझा मोठा भाऊ हिच्यापायीच गेला."

बराच वेळ कुणी बोललं नाही.

माझं मत मी त्या अंगणातून घेऊन आले आहे. वाईन ही दारू आहे. शेतकऱ्याचं नाव पुढे करून ती दारू नव्हे असं म्हणणं मला अप्रामाणिक वाटतं, आणि ज्या बायकांनी गावोगावी मतदान करून बाटली आडवी केली त्यांचा तो अपमान आहे. गडचिरोलीत दारूबंदी का आली हे त्या जिल्ह्यातल्या बायकांना विचारावं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2023 मध्ये स्पष्ट म्हटलं की मद्याचं कुठलंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित नाही. त्यात वाईनला सूट नाही.

पण दुसऱ्या बाजूचंही मला पटत नाही. महाराष्ट्रात 'वाईन शॉप' अशी पाटी असलेल्या दुकानात बहुतेक व्हिस्की, रम आणि बिअर विकली जाते. शब्द आपल्या चौकाचौकात आहे आणि वस्तूची ओळख नाही. ओळख नसलेल्या गोष्टीवर मग फक्त घोषणा देता येतात. निफाड-दिंडोरीच्या मातीत जे पिकतं, ज्याला 'नाशिक व्हॅली वाईन' म्हणून भौगोलिक मानांकन आहे, त्याबद्दल आमच्या घरात कुणीही मराठीतून एक गोष्ट सांगितली नव्हती. राजीव सामंत यांनी गंगापूर धरणाजवळ सोव्हिन्यों ब्लांक आणि शेनिन ब्लांकच्या वेली लावल्या, 2000 साली त्यांच्या सुला या वाईनरीची पहिली वाईन आली, हे आमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर घडत होतं. मी ते जर्मनीत येऊन वाचलं.

आणि शेतकऱ्याच्या भल्याचं म्हणाल, तर सुपरमार्केटच्या फळीचा नानांना काय उपयोग होता? त्यांची बाग थॉमसनची. खायचं द्राक्ष मोठ्या मण्याचं, पातळ सालीचं, बिनबियांचं. वाईनचं द्राक्ष बारीक, जाड सालीचं, बियांचं, आणि ते बहुतेक वाईनरीशी करार करून लावलेलं असतं. महाराष्ट्रातल्या एकूण द्राक्षाचा फार थोडा भाग वाईनला जातो. हे त्या चर्चेत कुणी सांगितलं नाही, आणि निफाडच्या शेतकऱ्यांना कुणी विचारलंही नाही.

इथल्या एका प्रथेचा मात्र आपण विचार करावा असं मला मनापासून वाटतं. जर्मनीत बागाईतदाराला वर्षातले चार महिने स्वतःच्या घरी-अंगणात स्वतःचीच वाईन विकता येते. जास्तीत जास्त चाळीस खुर्च्या, सोबत साधं खाणं. अशा घराच्या दारावर पाल्याफुलांचा गुच्छ टांगतात, त्यावरून त्याला श्ट्राउसविर्टशाफ्ट म्हणतात. आजोबांकडे मी तशीच पोचले होते. पिकवणारा, गाळणारा, ओतणारा आणि सांगणारा माणूस एकच. त्याच्यासमोर बसून कुणी ढोसत नाही, कारण तो ग्लास भरून निघून जात नाही, तो समोर बसतो. आपल्याकडे 2001 पासून द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आहे, मोठ्या वाईनरींनी चव घेण्याची दालनं बांधली आहेत, शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याहून गाड्या येतात. पण पाच एकरवाला शेतकरी स्वतःच्या ओट्यावर बसून स्वतःच्या काडीची गोष्ट सांगतोय, असं चित्र मी अजून पाहिलेलं नाही. परवानगी द्यायचीच तर आधी त्याला द्या. माल कमी खपेल. खपू दे.

इथलं सगळं मात्र उचलू नये. जर्मनीत सोळाव्या वर्षी वाईन आणि बिअर विकत घेता येते. माझी मुलगी आता चौदा वर्षांची आहे आणि मला तो कायदा अजिबात मान्य नाही. इथल्या सुपरमार्केटात दुधाच्या पुढच्या रांगेत वाईन असते, आणि सकाळी नऊला तिथून बाटली घेणारा माणूस मी पाहिला आहे. त्याचे हात थरथरत होते. ती फळी मला आमच्या गावात नको आहे. गाडी चालवणाऱ्याच्या रक्तात इथं शंभर मिलिलिटरला पन्नास मिलिग्रॅम मद्य चालतं, भारतात तीस. आपला नियम चांगला आहे.

ग्रुपवर मी शेवटी एवढंच लिहिलं की वाईन दारू आहे, आणि नानांनी एक थेंबही न पिता ती माझ्यापेक्षा चांगली समजून घेतली. काकांना पहिला अर्धा भाग आवडला, भावंडांना दुसरा.

गेल्या ऑक्टोबरात नानांचा फोन आला. माझी चौकशी दोन वाक्यांत उरकली. "त्या बाबांची तोडणी झाली का? पाऊस लागला का मध्ये?" मी आजोबांना फोन लावला. तोडणी निम्मी झाली होती, पाऊस थोडा लागला होता. मी म्हटलं, नानांनी निरोप दिलाय, त्यांची छाटणी कालच संपली.

आजोबा म्हणाले, "दुसरी ना?"