दिन्याची हायब्रिड

काल रात्री दिन्या नवी गाडी घेऊन कट्ट्यावर. हातात पेढ्यांचा बॉक्स, आणि उतरल्या उतरल्या सुरू, "हायब्रिड आहे बरं का! पेट्रोल इंजिनही आणि इलेक्ट्रिक मोटरही, अर्धी विजेवर चालते." रम्याने एक पेढा तोंडात टाकला, बॉनेट उघडायला लावलं, मोबाईलचा टॉर्च मारला. "दिन्या, ही माइल्ड हायब्रिड आहे. नुसत्या विजेवर ही पार्किंगच्या बाहेरसुद्धा येणार नाही."

झालं. पुढचा दीड तास तेच.

रम्याचं गॅरेज आहे, त्यामुळे मी पहिल्यापासून त्याच्या बाजूने. त्याने तिथेच बोट ठेवून दाखवलं, हा बघ, अल्टरनेटरच्या जागी बेल्टवर फिरणारा स्टार्टर-जनरेटर, सिग्नलला इंजिन बंद-चालू करतो, पिकअपला जरा हात देतो, संपलं. चाकं एकट्याने फिरवायची याची ताकद नाही. मारुतीच्या ग्रँड विटाराचं, टोयोटाच्या हायरायडरचं जे स्ट्राँग हायब्रिड मॉडेल येतं ना, त्यात मोटर स्वतः चाकं फिरवते, ट्रॅफिकमध्ये इंजिन गप्प.

"म्हणजे रात्री चार्जिंगला लावा! आमच्या सोसायटीत पॉइंट देत नाहीत," दिन्या.

"तिला प्लगच नसतो रे."

"मग बॅटरी काय गणपती भरतो?"

"शाळेत तुझ्या सायकलला डायनॅमो होता ना? टायरला टेकवला की पायडल जड व्हायचं. का? तुझ्या पायातला जोर दिव्यात जायचा म्हणून. इथे ब्रेक दाबला की मोटरचाच डायनॅमो होतो, गाडी हळू होते आणि वीज बॅटरीत. साध्या गाडीत तोच जोर ब्रेक पॅड तापवण्यात फुकट. कमी पडली तर इंजिन भरतं."

दिन्या गप्प. मग म्हणे, केवढी मोठी बॅटरी लागत असेल! तर ग्रँड विटाराच्या बॅटरीत पाऊण युनिट वीज मावते, लाइट बिलावरचं एक युनिटसुद्धा नाही. सतत थोडी भरायची, थोडी वापरायची, म्हणून भागतं. आणि म्हणूनच ही गाडी सिंहगड रोडच्या गर्दीत जास्त कमाल करते, एक्सप्रेस वेला कमी. कागदावर 27.97 चं ॲव्हरेज आहे, रम्या म्हणतो हातात थोडं कमी धर.

सुन्याची गाडी पूर्ण इलेक्ट्रिक, तो मध्येच, "पेट्रोल जाळतेच ना शेवटी? म्हणून आम्हाला 5 टक्के जीएसटी आणि त्यांना 40." रम्या म्हणाला, "तू मागच्या दिवाळीत कोकणात कुणाच्या गाडीतून गेलास?" सुन्याने चहा सांगितला.

मला मात्र खरंच राग आला होता. जपानात टोयोटाची हायब्रिड प्रियस 1997 ला विकायला लागले, आपल्याकडे मध्यमवर्गाने निदान किंमत विचारावी अशी स्ट्राँग हायब्रिड यायला 2022 उजाडलं, आणि ज्याने दिन्याला गाडी विकली त्याने माइल्ड हा शब्द एकदाही उच्चारला नाही. आयुष्याची कमाई घालतो माणूस. मी तसं बोललोही.

दिन्याचं तोंड एवढंसं झालं. तेव्हा रम्याच म्हणाला, "जाऊ दे रे, आपल्यात पहिली स्ट्राँग हायब्रिड यानेच चालवलीय. पसरणी घाट आठवतोय?"

महाबळेश्वरहून येताना पेट्रोल वाचवायला म्हणून याने उतारावर चावीच बंद केली होती, ब्रेक दगडासारखा, स्टिअरिंग वळेना, मागे आम्ही चौघं आरडाओरडा करतोय.

"इंजिन बंद, गाडी चालू! फक्त बॅटरीऐवजी आमचे डोळे भरले!"

दिन्या इतका हसला की पेढा अडकला.