शास्त्रात कुठे लिहिलंय?

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर स्त्रियांच्या देवळातल्या प्रवेशावरून जुंपली. काकांनी एक श्लोक टाकला. वकिली शिकणाऱ्या भाचीनं तासाभरात त्याहून जुना श्लोक शोधून आणला, अर्थासकट. मग काका म्हणाले, हा अर्थ चुकीचा. भाची म्हणाली, तुमचा प्रक्षिप्त. मावशीनं मध्येच फुलांचं चित्र टाकून 'शुभ रात्री' म्हटलं तरी दोघं थांबेनात.

मी मतानं भाचीच्या बाजूचा. तरीही तिचा शेवटचा मेसेज वाचताना चुटपुट लागली, कारण हरली ती पहिल्याच मेसेजला. स्त्रियांना आत सोडायचं की नाही हे शास्त्रावरून ठरवायचं, हे तिनं मान्यच करून टाकलं होतं. वाद उरला होता तो शास्त्र कुणाचं खरं, एवढाच.

ही खोड आपल्याकडे जुनी आहे. १८९१ साली संमतिवयाचा कायदा आला. मुलीच्या शरीरसंबंधाला संमतीचं वय दहावरून बारा करायचं, एवढाच बदल. त्याआधी कलकत्त्यात फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या बळजबरीनं मेली होती. इकडे रखमाबाईंना 'नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा' असा हुकूम झाला होता आणि त्या बाईनं 'तुरुंग चालेल' असं सांगितलं होतं. एवढं सगळं समोर असताना महाराष्ट्रातला मोठा वाद कशावर चालला? गर्भाधान संस्कार, म्हणजे नवरा-बायकोचा पहिला समागम, पहिल्या ऋतुप्राप्तीलाच झाला पाहिजे का, की पुढे ढकलला तर पाप लागत नाही, यावर. रा. गो. भांडारकरांसारखा गाढा पंडित कायद्याच्या बाजूनं ग्रंथ उलगडून बसला, टिळक त्यांचे अर्थ खोडत बसले. (टिळकांचा मुख्य राग परक्या सरकारनं घरात नाक खुपसण्यावर होता, हे विसरून त्यांना बालविवाहाचे वकील ठरवणं अन्यायाचं होईल.) मला यात आगरकर जवळचे वाटतात. पोरीचा जीव जातोय, हे कारण पुरेसं आहे, त्याला ग्रंथाचा टेकू कशाला, अशी त्यांची धाटणी. त्यांची बाजू तेव्हाही अल्पमतात होती, आजही आहे.

फरक इतकाच की १८९१ साली शास्त्रार्थ सभांत आणि वर्तमानपत्रांत व्हायचा, आता तो सर्वोच्च न्यायालयात होतो.

संविधानाचं कलम २५ मुळात सरळ आहे. प्रत्येकाला धर्म मानण्याचं, आचरण्याचं, त्याचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य. त्याला मर्यादा सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि इतर मूलभूत हक्कांची. शिवाय धर्माशी निगडित आर्थिक, राजकीय, ऐहिक व्यवहारांचं नियमन आणि समाजसुधारणा करायला सरकारला मोकळीक. 'ही प्रथा धर्मात आवश्यक आहे का' असा प्रश्न यात कुठेही नाही. तो न्यायालयानं आणला.

आणि तो कसा आला, हे मला फार मजेशीर वाटतं. २ डिसेंबर १९४८ रोजी घटना समितीत डॉ. आंबेडकर व्यक्तिगत कायद्यांवर बोलत होते. त्यांचं म्हणणं असं, की या देशात धर्माची कल्पना इतकी पसरट आहे की जन्मापासून मरणापर्यंत काहीच तिच्याबाहेर राहत नाही. तेव्हा धर्माची व्याख्या आवरती घेऊया. जे मुळात धार्मिक आहे तेवढंच धर्म धरूया. वारसाहक्क किंवा कुळवहिवाट धर्मानं ठरवायचं काही कारण नाही.

म्हणजे त्यांचा प्रश्न होता, 'ही बाब धार्मिक आहे की ऐहिक?' १९५४ च्या शिरूर मठाच्या निकालात (मठाच्या कारभारात सरकारनं किती हात घालावा, असा तो खटला) न्यायालयानं कोणता भाग धर्मात 'आवश्यक' हे त्या धर्माच्या शिकवणीवरूनच पाहायचं ठरवलं. हेतू चांगला होता, धर्माला आतून समजून घेण्याचा. पण पुढच्या निकालांत प्रश्नाचा चेहराच बदलला. 'हे धार्मिक आहे का?' याऐवजी 'हे त्या धर्मात खरोखर गरजेचं आहे का?' असं विचारलं जाऊ लागलं. ऐकायला दोन्ही सारखेच वाटतात. पण पहिल्याचं उत्तर न्यायाधीश देऊ शकतो. दानपेटीतले पैसे कोण नेतो हा ऐहिक मामला आहे, हे कळायला वेद यावे लागत नाहीत. दुसऱ्याचं उत्तर द्यायला मात्र न्यायाधीशाला शास्त्री, मुल्ला, पाद्री, भंते सगळं व्हावं लागतं.

आणि ते झाले. १९५८ साली गोहत्याबंदीच्या खटल्यात न्यायालयानं बकरी ईदच्या कुर्बानीचे नियम तपासले. एका माणसामागे बोकड किंवा सात जणांमागे गाय वा उंट असा पर्याय आहे, म्हणजे गायच कापली पाहिजे असं बंधन नाही, असा निष्कर्ष काढला. बंदी योग्य की अयोग्य हे बाजूला ठेवा. पण मुसलमानानं आपला धर्म कसा पाळावा याचा फतवा सर्वोच्च न्यायालयानं काढला, हे मला आजही खटकतं.

१९६६ चा सत्संगींचा खटला तर आपल्या आवडीचा निकाल असूनही वाचताना अवघडायला होतं. स्वामीनारायण संप्रदायातल्या काही मंडळींचं म्हणणं, आम्ही हिंदू नाही, स्वतंत्र धर्म आहोत, त्यामुळे दलितांना मंदिरं खुली करणारा कायदा आम्हाला लागू नाही. ही पळवाट होती, उघड होती, आणि ती बंद झाली हे चांगलंच झालं. पण सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांनी ती बंद करताना हिंदू धर्म म्हणजे काय याची लांबलचक मीमांसा केली. टिळकांची व्याख्याही घेतली, वेदांविषयी आदर, साधनांची अनेकता, उपास्यांना नियम नाही, ती. आणि वर या मंडळींना आपल्याच धर्माची खरी शिकवण कळलेली नाही, असं सुनावलं. दलित माणसाला दारात अडवणं हा कलम १७ चा, अस्पृश्यतेचा प्रश्न होता. एका परिच्छेदात संपला असता. त्यासाठी धर्माची व्याख्या करायची गरजच नव्हती. आणि वेदांना आदराचं स्थान नसलेल्या एखाद्या हिंदूनं उद्या आपण कोण असं विचारलं, तर त्याला काय सांगायचं?

सगळ्यात कहर २००४ चा. आनंदमार्गी लोकांना कवटी आणि सुरा घेऊन रस्त्यावर तांडव करायचं होतं. पोलिसांनी अडवलं. सुरे नाचवत रस्त्यानं जाऊ नका हे सांगायला सार्वजनिक सुव्यवस्था पुरेशी आहे. न्यायालयानं काय म्हटलं? पंथ १९५५ साली निघाला, तांडव १९६६ साली आलं, मधली अकरा वर्षं पंथ तांडवाशिवाय चालला, सबब ते आवश्यक नाही. म्हणजे धर्म स्थापनेच्या दिवशी जसा होता तसाच गोठून राहिला पाहिजे! हाच नियम लावला तर पहिल्या पिढीनंतरच्या सगळ्या संतांना बाहेर काढावं लागेल.

याच्या उलट २०१६ चं शनिशिंगणापूर. चौथऱ्यावर स्त्रियांनी जायचं नाही, परंपरा चारशे वर्षांची, वगैरे. मुंबई उच्च न्यायालयानं १९५६ चा मंदिरप्रवेशाचा कायदा पुढे केला. जिथे पुरुषाला जाता येतं तिथे बाईला अडवता येणार नाही, सरकारनं हे पाळायचं. शनीला बायका चालतात की नाही ही चर्चा नाही. ८ एप्रिलला, पाडव्याच्या दिवशी, बायका चौथऱ्यावर चढल्या. त्याच वर्षी हाजी अली दर्ग्याचा निकालही स्त्रियांच्या बाजूनं लागला, आनंदच झाला. पण तिथे पुरुष संताच्या कबरीजवळ बाईनं जाणं इस्लाममध्ये पाप आहे का, यावर बराच खल झाला. ट्रस्टला आपला दावा नीट सिद्ध करता आला नाही. समजा आला असता तर? एखाद्या हुशार वकिलानं पक्का दाखला आणला असता, तर त्या बायकांचा समानतेचा हक्क तेवढ्यानं संपला असता का?

तिहेरी तलाकचा २०१७ चा निकालही काठावरचाच आहे. तीन विरुद्ध दोन. तिघांपैकी नरिमन आणि लळित यांनी म्हटलं, ही प्रथा मनमानी आहे, समानतेच्या कलम १४ मध्ये बसत नाही. तिसरे, कुरियन जोसेफ, म्हणाले की ती कुराणाच्याच विरुद्ध आहे. त्यांचा धर्मग्रंथाचा अर्थ वेगळा निघाला असता तर पारडं फिरलं असतं. लाखो बायकांचं घर एका न्यायमूर्तीच्या वाचनावर टेकलेलं असावं, हे मला बरं वाटत नाही. ते वाचन मला पटणारं असलं तरी.

उदारमतवादी मित्र इथे म्हणतात, 'अरे, पण लोकांना त्यांच्याच धर्मातून पटवलं तर सुधारणा टिकते.' कीर्तनात, मशिदीत, घरच्या ग्रुपवर अगदी खरं. गाडगेबाबांनी तेच केलं. पंढरपुरात १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी उपोषण करून विठ्ठलाचं दार दलितांना उघडायला लावलं, तेही भक्तांच्या काळजाला हात घालूनच. पण ते गुरुजींचं काम होतं. सरकारचं काम पुढे १९७३ साली झालं, बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क संपवण्याचं, आणि ती न्यायालयीन लढाई २०१४ पर्यंत रेंगाळली. गाभाऱ्यातल्या उत्पन्नावर कुणाचा हक्क हा सरकारचा विषय. विठ्ठल कसा पुजावा, हा नाही. (आषाढीच्या शासकीय महापूजेबद्दल मला विचारू नका. वारीत चाललोय, वारकऱ्यांवर जीव आहे, तरीही ती पूजा 'शासकीय' का, याचं समाधानकारक उत्तर मला अजून मिळालेलं नाही.)

माझी बाजू सगळीकडे सरळ लागू होते असं नाही. बहिष्काराचंच घ्या. मुंबई राज्यानं १९४९ साली समाजातून वाळीत टाकण्यावर बंदी आणली. दाऊदी बोहरांच्या धर्मगुरूंनी तिला आव्हान दिलं आणि १९६२ साली सर्वोच्च न्यायालयानं तो कायदा रद्द केला. सरन्यायाधीश सिन्हा एकटे विरोधात राहिले. मला सिन्हांचं पटतं, कारण वाळीत टाकलेल्या माणसाला दफनाची जागासुद्धा मिळत नाही, आणि तेवढं झालं की माणूसपणातून उठवण्यात आणि त्यात काय अंतर राहिलं? पण दुसरी बाजूही आहे. आपल्यात कोण आणि कोण नाही हे ठरवायचा हक्क पंथाला नसेल, तर पंथाला पंथ म्हणायचं तरी कशाला? प्रार्थनेतून वगळा, पण दफनभूमी, मालमत्ता आणि सोयरीक तोडू नका, अशी रेघ मी ओढतो. ती प्रत्येक प्रकरणात नीट बसेल याची खात्री मला नाही. २०१६ साली महाराष्ट्रानं सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, तो जातपंचायतींना डोळ्यांसमोर ठेवून. त्यात पाहायचं ते एवढंच, की माणसाचं नुकसान झालं का. जातपंचायतीचं शास्त्र काय म्हणतं हे विचारायची वेळ येत नाही.

भाचीला मी हे सगळं लिहून पाठवलं. तिचं उत्तर आलं, 'पण मामा, कोर्टात हेच चालतं, मग मी काय करू?' खरं आहे. परीक्षेत तिला शिरूर मठच लिहावं लागणार.

मग तिला १७ ऑक्टोबर १९४९ चा किस्सा सांगितला. घटना समितीत हरि विष्णू कामतांनी संविधानाच्या उद्देशिकेची सुरुवात 'ईश्वराच्या नावाने' करावी अशी सूचना मांडली. आसामचे रोहिणीकुमार चौधुरी उठले, म्हणाले, आम्ही शक्तीचे उपासक, नुसता देव का, देवी कुठे गेली? पट्टम थानू पिल्लै यांना ही श्रद्धेची सक्ती वाटली. पूर्णिमा बॅनर्जींनी विनवलं, की देवावर मतदान करायची लाजिरवाणी पाळी आमच्यावर आणू नका. कामत हटले नाहीत. मतदान झालं. बाजूनं ४१, विरुद्ध ६८. त्याच सभागृहानं शपथेच्या मसुद्यात मात्र दोन्ही वाटा ठेवल्या. 'ईश्वरसाक्ष शपथ' घ्या किंवा 'गांभीर्यपूर्वक दृढकथन' करा. आजवर शपथ घेणाऱ्या कुणालाही, तुझ्या धर्मात यातलं कोणतं आवश्यक आहे, असं विचारलेलं मी ऐकलं नाही.

काकांनी हे वाचलं, बराच वेळ 'टायपिंग...' दिसत राहिलं, आणि मग त्यांनी एवढंच विचारलं, '४१ जणांची यादी मिळेल का?'