फिट आलेल्या बाईच्या हातात चाबी

कापूस वेचायला आलेल्या एका बाईला धुऱ्यावर फिट आली. तिघं जण चाबी शोधायला धावले. तिला कुशीवर वळवायचं मात्र कोणाला सुचलं नाही. त्याआधी महिनाभर आमच्या भागात मोबाइलवर एक निरोप फिरत होता: नसा म्हणजे तारा, मेंदूत करंट वाढला की मिरगी येते, हातात लोखंड द्या, करंट जमिनीत उतरतो, मिठाचं पाणी पाजा, गोळ्या बंद करा, त्यांनी नसा सुकतात. यातला एकेक दावा तपासू.

"नसा म्हणजे तारा." तांब्याच्या तारेत इलेक्ट्रॉन वाहतात. चेतापेशीत विरघळलेल्या क्षारांचे भारित कण हलतात, मुख्यतः सोडियम आणि पोटॅशियमचे. पेशीच्या पातळ पडद्यातला पंप दर फेरीला सोडियमचे 3 कण बाहेर टाकतो आणि पोटॅशियमचे 2 आत घेतो. म्हणून सोडियम बाहेर दाटतं, पोटॅशियम आत. आतलं पोटॅशियम थोडं थोडं बाहेर झिरपत राहतं, त्यामुळे आतली बाजू बाहेरच्यापेक्षा सुमारे 70 मिलिव्होल्टने ऋण असते. टॉर्चच्या सेलचा जेमतेम विसावा हिस्सा!

संदेश निघतो तेव्हा पडद्यातली सोडियमची दारं उघडतात. सोडियम आत घुसतं, आतली बाजू क्षणभर धन होते. मग ती दारं मिटतात, पोटॅशियम बाहेर पडतं आणि सगळं पूर्ववत. हे साधारण एका मिलिसेकंदाचं काम. या बदलानेच शेजारच्या तुकड्यातली दारं उघडतात. वाळलेल्या पऱ्हाटीच्या ओळीत एक झाड पुढच्याला पेटवत जातं, तसा संदेश सरकतो. फक्त इथे काही जळत नाही, पेशी लगेच पुन्हा तयार होते. हॉजकिन आणि हक्सली या शास्त्रज्ञांनी स्क्विड या समुद्री जिवाच्या जाड चेतातंतूवर मोजमाप करून 1952 मध्ये हे गणितासह मांडलं. 1963 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्यांच्या मांडणीच्या सुमारे शंभर वर्षं आधी, 1850 मध्ये, हेल्महोल्ट्झ या शास्त्रज्ञाने बेडकाच्या नसेतला वेग मोजला होता: सेकंदाला 30 मीटरच्या आसपास. नस ही तार असती, तर त्या काळच्या साधनांनी तो वेग हाती लागलाच नसता.

"लोखंडातून करंट जमिनीत उतरतो." हा विजेचा दाब पेशीच्या पडद्याच्या आत-बाहेर असतो, माणूस आणि जमीन यांच्यात नसतो. मग अर्थिंग कशाचं करणार? ती बाई तर अनवाणी, ओल्या काळ्या मातीवरच पडली होती.

"चाबी दिली आन् फिट थांबली, आमी पायलं ना." खरंच पाहिलं असेल. पण बहुतेक फिट एक ते तीन मिनिटांत आपोआप थांबतात, आणि चाबी सापडेपर्यंत तेवढा वेळ जातोच. चप्पल हुंगवली किंवा कांदा, तरी तेच.

मिठाचं पाणी मुळीच पाजू नका. शुद्ध नसताना ते श्वासनळीत जातं.

"गोळ्यांनी नसा सुकतात." हे वाक्य मला सर्वांत जास्त छळतं. फिट म्हणजे मेंदूतल्या असंख्य पेशी एकदम, एका ठेक्यात पेटणं. फिनिटॉइन, कार्बामाझेपिन या गोळ्या सोडियमच्या त्याच दारांवर काम करतात: फार वेगाने पुन्हा पुन्हा उघडणारी दारं जरा जास्त वेळ मिटलेली ठेवतात. नेहमीचे संदेश चालू राहतात. नस सुकत नाही. उलट गोळ्या एकाएकी सोडल्या, तर फिट लागोपाठ येऊन जीवावर बेतू शकतं.

फिट आली की घड्याळ पाहा. माणसाला कुशीवर करा, डोक्याखाली दुपट्टा ठेवा, जवळचा विळा-दगड बाजूला सारा, तोंडात काही घालू नका, हातपाय दाबून धरू नका. 5 मिनिटांच्या वर गेली तर 108 लावा.

त्या संध्याकाळी आम्ही बाईच्या घरी गेलो. तो निरोप ऐकून तिने तीन आठवड्यांपूर्वीच गोळ्या सोडल्या होत्या. अर्धी पट्टी फळीवर तशीच पडून होती.