44 हजारांची रेघ आणि रेशन कार्ड

रेशनवरील ‘अपात्र’ लाभार्थ्यांची शोधमोहीम सुरू झाली की त्या बातमीखाली बंगला, चारचाकी आणि गळ्यात सोनसाखळी असलेल्या कार्डधारकांच्या कहाण्यांचा पाऊस पडतो. अशी माणसे आहेत आणि त्यांची नावे कमी झालीच पाहिजेत. मात्र पात्रता नेमक्या कोणत्या आकड्यावर ठरते, हे त्या चर्चेत कोणी विचारत नाही. आणि माझ्या मते रेशनव्यवस्थेची सुधारणा त्या आकड्यापासूनच सुरू व्हायला हवी.

महाराष्ट्रात राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा 1 फेब्रुवारी 2014 पासून लागू झाला. प्राधान्य कुटुंबासाठी, म्हणजे या कायद्याखाली माणशी धान्य मिळणाऱ्या कुटुंबासाठी, वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात 44 हजार आणि शहरात 59 हजार रुपये ठरवण्यात आली, आणि पुढे दहा वर्षे उलटून गेल्यावरही कागदावर तीच राहिली. 2025-26 मध्ये राज्यात रोजगार हमीच्या कामाचा दर दिवसाला 312 रुपये होता. म्हणजे नवरा-बायको दोघांनी वर्षातले प्रत्येकी 71 दिवस मातीकाम केले, तरी ते कुटुंब नियमाप्रमाणे रेशनच्या बाहेर जाते. शहरातील 59 हजार म्हणजे महिन्याला पाच हजारांपेक्षाही कमी. एवढ्यात झोपडपट्टीतील एका खोलीचे भाडे भागले तरी पुष्कळ.

परिणाम असा, की खरोखर गरजू असलेल्या माणसालाही उत्पन्नाचा दाखला खोटाच काढावा लागतो. तलाठ्यापासून तहसीलपर्यंत सर्वांना हे ठाऊक असते. मोलकरीण, हमाल, रिक्षाचालक, अल्पभूधारक असे जवळजवळ सगळेच कार्डधारक या अर्थाने ‘अपात्र’ ठरू शकतात, आणि ज्याचे कार्ड कधीही रद्द करता येते तो माणूस दुकानदाराने दोन किलो कमी दिले तरी तक्रार करत नाही. मापातील चोरीला आपण दुकानदाराचा स्वभाव म्हणतो. त्या चोरीला खरे संरक्षण या अशक्य मर्यादेने दिले आहे.

दुसरी गाठ इष्टांकाची, म्हणजे लाभार्थ्यांच्या ठरवून दिलेल्या कमाल संख्येची आहे. कायद्यानुसार किती लोकांना धान्य द्यायचे हे 2011 च्या जनगणनेवर ठरले असून, महाराष्ट्राच्या वाट्याला ग्रामीण लोकसंख्येच्या 76.32 टक्के आणि शहरी लोकसंख्येच्या 45.34 टक्के, म्हणजे एकूण साधारण सात कोटी लाभार्थी आले. त्यानंतर जन्मलेली मुले आज हायस्कुलात आहेत, पण सात कोटींचा आकडा जागचा हललेला नाही. सून घरात येते, माहेरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला आणते, आणि पुरवठा शाखेत तिला सांगितले जाते की तालुक्याचा इष्टांक पूर्ण झाला आहे. कुणाचे तरी नाव कटेल तेव्हा तिचे चढेल! ई-केवायसीच्या, म्हणजे आधार आणि बोटांच्या ठशांवरून ओळख पडताळण्याच्या, प्रत्येक मोहिमेमागे ही रिकाम्या जागेची भूक असते, आणि म्हणूनच बोटांचे ठसे पुसट झालेली म्हातारी माणसे किंवा हंगामात कारखान्यावर गेलेले ऊसतोड मजूर यांची नावे संशयितांच्या यादीत इतक्या सहजपणे जातात.

अंत्योदय योजनेतील विसंगतीबद्दल तर कोणी बोलतही नाही. तिथे कुटुंबाला सरसकट 35 किलो धान्य मिळते, तर प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो. म्हणजे आठ माणसांचे अंत्योदय कुटुंब, जे गरिबांतले गरीब मानले जाते, ते आपल्याहून बऱ्या स्थितीतील शेजाऱ्यापेक्षा पाच किलो कमी घेऊन घरी येते. दुरुस्ती सोपी आहे: किमान 35 किलो, आणि सातांपुढच्या प्रत्येक माणसाला पाच किलो जास्त.

‘धान्य बंद करा, पैसे खात्यात टाका’ हा सल्लाही हिरिरीने दिला जातो. त्याचा अनुभव आपल्याच राज्यात आहे. मराठवाड्यातील आठ, अमरावती विभागातील पाच आणि वर्धा अशा 14 जिल्ह्यांतील केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना 2015 पासून स्वस्त धान्य मिळत होते. जानेवारी 2023 पासून त्याऐवजी माणशी महिना 150 रुपये रोख देण्याचे ठरले आणि पुढे ते 170 झाले. पाच किलो धान्य भाव वाढले तरी पाच किलोच राहते. 170 रुपयांचे तसे नाही, ते वाढवायला दर वेळी शासन निर्णय लागतो. ज्या गावाची बँक तालुक्याला आहे, तिथे तर जाण्या-येण्याचे भाडे त्यातूनच जाते.

मग करायचे काय? छत्तीसगडने 2012 मध्ये स्वतःचा कायदा करताना गरीब कोण हे शोधण्याऐवजी नको कोण हे ठरवले: आयकर भरणारे आणि मोठी शेतजमीन असलेले बाहेर, बाकी बहुतेक सगळे आत. हे निकष गावाला डोळ्यांनी दिसतात. उत्पन्नाचा दाखला दिसत नाही. महाराष्ट्राने हीच वाट धरावी, त्यासाठी केंद्राच्या कोट्याबाहेरच्या लोकांचा खर्च स्वतः उचलावा, आणि 2027 च्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होताच केंद्राकडे नवा इष्टांक मागावा. तोपर्यंत कोणाचेही नाव कमी करण्यापूर्वी कुटुंबाला लेखी नोटीस द्यावी, यादी ग्रामसभेत आणि शहरात दुकानाच्या दारावर लावावी, आणि हरकतीचा निकाल लागेपर्यंत धान्य चालू ठेवावे.