बायकोच्या रिपोर्टवर नवऱ्याची खात्री

खानापूरकडच्या माझ्या चुलतभावाशी गेल्या महिन्यात फोनवर बराच वाद झाला. तो गोव्याच्या फेऱ्या मारणारा ट्रक ड्रायव्हर. इंग्लंडातून मी म्हणालो, ‘‘दादा, एकदा एचआयव्हीची तपासणी करून घे.’’ त्याचं उत्तर तयार होतं : ‘‘मला कशाला? पोरगी पोटात असताना तुझ्या वहिनीचं सगळं चेक केलंय की.’’

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे हे उत्तर मी कितीतरी जणांकडून ऐकलंय. गरोदर बाईची ही तपासणी सरकारी दवाखान्यात होतेच. तिचा निगेटिव्ह रिपोर्ट नवरा आपलाच मानून चालतो. पण एकाला लागण असून जोडीदाराला नाही, असं पुष्कळ जोडप्यांत असतं. आणि तिला निघालीच, तर ‘हिनंच आणलं’ म्हणायला घर मोकळं. मला याचा राग येतो.

घरच्या घरी स्वतःच एचआयव्ही तपासायचं किट इंग्लंडात २०१५ पासून विकत मिळतं. दर फेब्रुवारीत तपासणीचा आठवडा असतो, तेव्हा फुकट पोस्टानं मागवता येतं. मीही मागवलं. बोटाला टोचलं, रक्ताचा थेंब घेतला आणि स्वयंपाकघरात घड्याळाकडे बघत पंधरा मिनिटं बसलो. एकच रेघ उमटली, म्हणजे निगेटिव्ह. धोक्याच्या प्रसंगानंतर तीन महिने झाले नसतील तर त्या एका रेघेवर विसंबायचं नसतं, आणि दोन उमटल्या तर दवाखान्यात पुन्हा तपासून खात्री करावी लागते.

असं किट आपल्याकडेही हवं म्हटलं, की दादा म्हणतो, ‘‘एकटा माणूस दोन रेघा बघून जिवाचं काही बरंवाईट करून घेईल.’’ ही भीती मला खरी वाटते. माझ्या दाराला कडी होती. त्याच्या घरात सात माणसं आणि एक न्हाणी. म्हणून किटबरोबर बोलणारं माणूस हवंच, आणि माहितीचा कागद कानडीबरोबर मराठीतही हवा. पण भीती आहे म्हणून किटच नको, हे मला पटत नाही. आपला पुरुष सुईला घाबरत नाही. रांगेत गावचा कंपाउंडर ओळख दाखवेल, याला घाबरतो.

किट गावात हाताशी येईल तोवर आहे ते तरी वापरावं. आयसीटीसी म्हणजे सरकारी समुपदेशन-तपासणी केंद्रात तपासणी फुकट होते, आधी-नंतर समुपदेशकाशी बोलता येतं. १०९७ हा एड्स हेल्पलाइनचा फोनही फुकट आहे. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, निकाल गुप्त ठेवावा लागतो. विषाणूला दाबून ठेवणाऱ्या एआरटीच्या गोळ्या सरकार २००४ पासून मोफत देतंय. त्या नियमित घेऊन रक्तातला विषाणू मोजण्याइतकाही उरला नाही, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. हे दादाला ठाऊकच नव्हतं. ऐकून तो बराच वेळ गप्प राहिला.

परवा त्याचा मेसेज आला : ‘खानापुरात नको म्हणून बेळगावला जाऊन आलो.’ रिपोर्ट काय आला, ते मी विचारलं नाही.