अवताराचं रूप ही वरवरची गोष्ट नाही

संगणकावरच्या आभासी वर्गात शिक्षकाचा अवतार (म्हणजे तिथे त्याच्या वतीने वावरणारी आकृती) कसाही दिसला तरी बिघडत नाही, आशय भक्कम हवा, हे एका लेखात वाचलेलं मत मला पटलं नाही. निक यी आणि जेरेमी बेलेन्सन या संशोधकांचे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेले प्रयोग बघा. ज्यांना उंच अवतार मिळाला ते पैशांच्या वाटणीत ताणून धरायचे, बुटका मिळालेले अन्यायाची वाटणीही जास्त वेळा मुकाट्याने मान्य करायचे. म्हणजे अवतार आधी धारण करणाऱ्यालाच बदलतो! मग शिकवणाऱ्याने तो निष्काळजीपणे कसा निवडावा? बेलेन्सन यांच्या गटाने तर असाही वर्ग करून पाहिला, जिथे शिक्षक एकाच वेळी प्रत्येकाला आपल्याकडेच बघतोय असं दिसतं. खऱ्या वर्गात मागच्या बाकापर्यंत नजर पोचवताना काय कसरत होते, हे कुठल्याही शिक्षकाला विचारा.

सेकंड लाइफ या ऑनलाइन आभासी जगात अवताराला पंख, शेपूट, काहीही लावता येतं. तरी नवख्या मुलांसमोर पहिल्या तासाला साधा माणसाचा चेहरा असावा, असं मला मनापासून वाटतं. विद्यार्थ्यांना मात्र पूर्ण मोकळीक द्या. एरवी तोंड न उघडणारी मुलगी तिथे कोल्ह्याच्या रूपात शंका विचारत असेल, तर खुशाल विचारू दे.