समुद्राचं पाणी गोडं होतं, फुकट होत नाही

तलावांची पातळी खाली गेली की एक मेसेज हमखास फिरायला लागतो. या आठवड्यात तो आमच्या बोरिवलीच्या सोसायटीच्या ग्रुपवर तीनदा आला. मजकूर थोडक्यात असा: मुंबईला तिन्ही बाजूंनी समुद्र, वर्षातले आठ महिने कडक ऊन. सौरऊर्जेवर समुद्राचं पाणी गोडं केलं तर ते जवळजवळ फुकट पडेल. उरलेलं मीठ परत समुद्रात सोडायचं, त्याला काय फरक पडतो? इस्रायल सगळं पाणी असंच मिळवतो. मग धरणं कशाला आणि पाणीकपात तरी का?

पहाटे साडेपाचला नळाखाली पिंप लावून उभं राहणाऱ्याला हे पटणारच. २०२४च्या जूनमध्ये दहा टक्के कपात झाली तेव्हा आमच्या वरच्या मजल्यांवर पाणी चढतच नव्हतं. त्यामुळे मेसेज पुढे पाठवणाऱ्यांवर माझा राग नाही. माझा या तंत्रालाही विरोध नाही. मालाडजवळच्या मनोरीला महापालिका समुद्राचं पाणी गोडं करणारा जो निःक्षारीकरण प्रकल्प आखते आहे, तो व्हावा असंच मला वाटतं. पण चुकीच्या हिशेबावर मागून घेतलेली चांगली गोष्टसुद्धा पुढे अंगाशी येते.

सगळ्यात आधी ‘फुकट’. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. ते पाणी मीठ अडवणाऱ्या अतिबारीक छिद्रांच्या पडद्यातून पलीकडे ढकलायचं तर हवेच्या दाबाच्या साठपट वगैरे दाब द्यावा लागतो. आजच्या चांगल्या प्रकल्पांत हजार लिटरमागे तीन ते चार युनिट वीज जाते. निम्मं पाणी गोडं करून घ्यायचं तर निसर्गनियमानेच एक युनिट तरी लागतं. त्याखाली कोणतंही यंत्र जाऊ शकत नाही.

आता मनोरी. प्रस्ताव रोज २०० दशलक्ष लिटरचा आहे. हजार लिटरला साडेतीन युनिट धरले तर रोज सात लाख युनिट, म्हणजे रात्रंदिवस सुमारे २९ मेगावॉट. सौर पॅनेल रात्री बंद, पावसाळ्यात मंद; वर्षाची सरासरी त्यांच्या क्षमतेच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास येते. म्हणजे दीडशे मेगावॉटचे पॅनेल हवेत. मेगावॉटला चार एकर धरा, सहाशे एकर होतात. महालक्ष्मीच्या रेसकोर्सची मूळ जागा २११ एकरांची. तशी जवळजवळ तीन मैदानं मुंबईत कुठून आणायची? आणि रात्री प्रकल्प बंद ठेवायचा म्हटलं तर तेवढंच पाणी मिळवायला दुप्पट मोठा प्रकल्प बांधावा लागेल, शिवाय रोजच्या चालू-बंदने पडदे लवकर खराब होतील.

यावर तोडगा आहे, आणि तो चांगला आहे. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहराने २००६ मध्ये क्विनाना इथे असा प्रकल्प सुरू केला आणि त्याच्या विजेसाठी शहराच्या उत्तरेला दूरवर असलेल्या ८० मेगावॉटच्या पवनचक्क्यांशी करार केला. प्रकल्प चोवीस तास नेहमीच्या वीजवाहिनीवर चालतो; पवनचक्क्या त्याच जाळ्यात आपली वीज ओततात. आपल्यालाही हेच करावं लागेल: पॅनेल राज्यात आत कुठेतरी, पाणी मनोरीला. एप्रिल-मे महिन्यांत तलाव आटतात तेव्हाच ऊन सगळ्यात जास्त असतं, ही गोष्ट मेसेजच्या बाजूची आहे. पण वहनखर्च धरून वीज पाच रुपये युनिटने मिळाली तरी हजार लिटरला साडेसतरा रुपये नुसते विजेचे. पडदे बदलणं, रसायनं, कर्जाचं व्याज वेगळं. आज मुंबईत घरगुती पाण्याचा मूळ दर हजार लिटरला दहा रुपयांच्या आत आहे. फरक कोण भरणार, हे मेसेजमध्ये कुठेच नाही.

इस्रायलबद्दल फार लिहायला नको. तिथे पिण्याच्या पाण्याचा मोठा वाटा समुद्रातून येतो, हे खरं. पण वीज मुख्यतः नैसर्गिक वायूची आहे, उन्हाची नव्हे. आणि तो देश सांडपाण्याचा बहुतांश भाग शुद्ध करून शेतीला देतो. हा भाग मेसेजमधून नेमका गळतो.

धरणं नकोत, हेही तसंच. मुंबईला रोज जवळपास ४००० दशलक्ष लिटर पाणी मिळतं. मनोरी म्हणजे त्यातले पाच टक्के. तानसा धरणाचं पाणी १८९२ पासून उताराने येतंय, त्याला ढकलायला वीज लागत नाही. ते सोडून सगळं समुद्रातून काढायचं तर वर मांडलेला सगळा हिशेब वीसपट करा.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते ‘समुद्राला काय फरक पडतो’. घरचा आरओ अशाच पडद्याचा असतो; त्याची टाकाऊ पाण्याची नळी बादलीत धरून पाहा: लिटरभर पाणी मिळेपर्यंत बादलीत दोन-तीन लिटर पडलेलं असतं. समुद्राच्या प्रकल्पात प्रमाण यापेक्षा बरं असतं, पण तिथेही २०० दशलक्ष लिटर गोड्या पाण्यामागे अडीचशे-तीनशे दशलक्ष लिटर सुमारे पावणेदोनपट खारट पाणी उरतं. ते जड असतं, तळाशी बसतं. मार्व्याहून तरीने मनोरीला उतरलात तर बांबूंवर वाळत घातलेले बोंबील दिसतील. ते डोल जाळ्यात, म्हणजे एका जागी रोवलेल्या पिशवीसारख्या जाळ्यात येतात, भरती-ओहोटीच्या ओढीवर. तळ बिघडला तर पहिला फटका त्या जाळ्याला. यालाही उपाय आहे: नळ खाडीपासून दूर, ओढ असलेल्या खोल पाण्यापर्यंत न्यायचा आणि तोंडाला अनेक बारीक फवारे लावायचे, म्हणजे खारं पाणी लगेच मिसळतं. पर्थच्या प्रकल्पात ते असंच सोडतात आणि तळाजवळच्या पाण्यातला प्राणवायू मोजतात. त्याला पैसा लागतो, आणि ते मोजमाप कोळीवाड्यालाही पाहता यायला हवं. शिवाय ज्या समुद्रातून पाणी उचलायचं त्यातच आपलं शहर अजून प्रक्रिया न केलेलं सांडपाणी सोडतं. तो गाळ आणि ती घाण आधी काढली नाही तर पडदे काही महिन्यांत चोंदतील. पावसाळ्यात खाडी गढूळ होते तेव्हा तर जास्तच.

पाणीकपातीचं कारण फक्त कमी पाणी हेही नाही. गळती, चोरी आणि मोजणीत न येणारं पाणी मिळून मुंबईच्या पुरवठ्याचा पाव भाग तरी हिशेबाबाहेर जातो. पाव म्हणजे रोज हजार दशलक्ष लिटर, पाच मनोरी. मेसेजमध्ये याबद्दल एक ओळ नाही. जुन्या वाहिन्या तशाच ठेवून मनोरीचं २०० दशलक्ष लिटर त्यांच्यातच सोडलं, तर हजार लिटरला साडेसतरा रुपयांची वीज घालून गोडं केलेल्या त्या पाण्यातलंही पन्नास दशलक्ष लिटर रोज हिशेबाबाहेर जाईल.